तिसरा गिअर

आमच्या पिकअपचा तिसरा गिअर आपण होऊन सुटू लागला, तेव्हा त्याचा दोष मी धाकट्या भावाच्या माथी मारला. घरातली वस्तू बिघडली की ती शेवटी कोणी हाताळली ते पाहायचे आणि निकाल देऊन मोकळे व्हायचे, ही थोरल्या भावांची जुनीच न्यायपद्धती आहे. उतारावर पाय उचलला की दांडी फटकन मधोमध येई. आणि दुसऱ्यात टाकताना असा खरखराट होई की रस्त्यावरची माणसे वळून बघत.

"दादा, मी गिअर कधी ओढून टाकत नाही," भाऊ म्हणाला.

"मग काय गिअरांनी एकमेकांना खाल्लं?" मी म्हणालो. त्यानंतर आठ दिवस तो माझ्याशी कामापुरतेच बोलला.

गाडी काढून टाकावी असेही मनात आले. जालना हे भंगाराला मोल देणारे गाव. भंगार भट्टीत वितळवायचे आणि त्याच्या सळया ओढायच्या, यावर इथल्या रोलिंग मिला चालतात. भंगारवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि बॉनेटही न उघडता भाव सांगितला. तो अर्थात वजनावर होता. त्याचे काही चुकले नाही. पण मला तो भाव लागला. 2012 चा पावसाळा कोरडा गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात अंबड, बदनापूरकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा याच गाडीवर हजार लिटरची टाकी ठेवून आम्ही झाडांना पाणी घातले होते. हजार लिटर म्हणजे हजार किलो, रोज चार खेपा, आणि बहुतेक वाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची. आमची पाचशेपैकी दोनशे झाडे वाचली. ती कोणाच्या जिवावर, हे वजनकाट्याला कसे कळावे?

शेवटी अंबड चौफुलीजवळच्या एका उस्तादांकडे गाडी नेली. पेटी खाली उतरवून त्यांनी आधी तेल परातीत काढले आणि परात उन्हात धरली. काळ्या तेलात सोन्याची भुकटी टाकावी तशी चमक होती. "पितळ आहे," ते म्हणाले. "रिंगा गेल्या."

या रिंगांचे काम मोठे नाजूक. गिअर बदलताना दोन चाके वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. तशीच भिडवली तर दात दातावर आपटतात. मध्ये पितळी रिंग असते. ती गिअरच्या उतरत्या तोंडावर घासते, दोघांची गती एक करते आणि मगच दात आत जाऊ देते. अमेरिकेत 1928 साली कॅडिलॅक मोटारीत ही युक्ती प्रथम आली. त्याआधी हे काम चालकाच्या पायाने करावे लागे. डबल क्लच मारणारे आपल्याकडचे जुने ट्रकवाले ती विद्या जाणत असत. रिंगेच्या आतल्या अंगाला बारीक आटे असतात, ते तेलाचा पापुद्रा कापतात. आमच्या रिंगेचे आटे बोटाला लागतच नव्हते. रिंग गिअरवर दाबून बसवली की साधारण एक मिलिमीटरची फट राहावी; दुसऱ्या गिअरच्या रिंगेत उस्तादांची सर्वांत पातळ पट्टीही शिरेना.

"ही पाण्याच्या खेपांनी गेली," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी तिसऱ्या गिअरचा फोर्क उचलला आणि पुसून माझ्या हातावर ठेवला. त्याची एक बाजू जाड होती आणि दुसरी सुरीसारखी पातळ.

"गाडी चालवताना दांडीवर हात ठेवून कोण बसतं?"

मला उत्तर सुचले नाही. हाताचे ओझे दांडीवाटे फोर्कवर येते आणि फोर्क फिरत्या स्लीव्हवर दिवसभर टेकून राहतो. दोन्ही झिजत जातात आणि मग गिअर पुरता बसत नाही, असे ते सांगत होते. माझे लक्ष माझ्या डाव्या हाताकडे होते. भावाचे दोन्ही हात नेहमी स्टिअरिंगवर असतात. मी त्यावरूनही त्याला भित्रा म्हणत आलो होतो.

रिंगा, बेअरिंगे, फोर्क, स्लीव्ह आणि तिसरा गिअर नवा आला. जोडणीला सबंध दिवस गेला. खालच्या शाफ्टमधले सुईसारखे रोळ एकेक करून जाड ग्रीसमध्ये चिकटवायचे, तो गिअरांचा गठ्ठा अलगद पेटीच्या तळाशी निजवायचा, वरचा शाफ्ट बसवायचा आणि मग खालचा उचलून त्यातून दांडा सरकवायचा. एक रोळ कमी भरला. हाताखालचा पोरगा अर्धा तास लोहचुंबक घेऊन जमिनीवर रांगत होता; तो रोळ त्याच्याच सदऱ्याच्या बाहीला ग्रीसमध्ये चिकटलेला निघाला. उस्ताद हसले, पण सगळे रोळ पुन्हा मोजल्याशिवाय पुढे गेले नाहीत.

परतताना गाडी भावाने चालवली. दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा, आवाज नाही. गाव जवळ आल्यावर मी त्याला फोर्काची हकीकत सांगितली. तो समोर बघत म्हणाला, "मी सांगणार होतो. पण तू ऐकत होतास कुठं?"

हजार किलोमीटरला तेल बदलायला या, असे उस्तादांनी बजावले आहे. काल सातशे झाले.