पान्यांची पेटी

जुनी गाडी घेतलेला माणूस पहिले सहा महिने फक्त गाडीबद्दल बोलतो. त्यानंतर तो पान्यांबद्दल बोलू लागतो. आणि मग एक दिवस असा येतो की तो नागदेवी स्ट्रीटच्या एखाद्या दुकानात उभा राहून एका रिकाम्या पत्र्याच्या पेटीकडे वीस मिनिटं नुसता बघत असतो, आणि दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. मी सध्या त्या तिसऱ्या अवस्थेतून नुकताच बाहेर पडलोय. तर त्याबद्दल.

आमची गाडी १९७५ सालची पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची, गियरची दांडी स्टिअरिंगला असलेली. १९६४ पासून हीच गाडी 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून निघायची, मग 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. मीही म्हणतो. तिचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, पण मुंबईत ती काळीपिवळी टॅक्सी होऊन आणखी वीस-बावीस वर्षं फिरत राहिली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवलेली, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तोही हिशेब संपला. त्या वेळी पेपरांत फोटो आले, लोक हळहळले. पण टॅक्सीबरोबर आणखी एक गोष्ट संपत आली आहे, तिचे फोटो आले नाहीत. ती म्हणजे या गाड्या डोळे मिटून खोलू शकणारे मिस्त्री. टॅक्स्याच नाहीत म्हटल्यावर फियाटचं गॅरेज कोण चालवणार?

आमचे मामा त्यातलेच. (सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही.) मूळचे सातारकडचे, वय सत्तरीच्या पुढे, हयात टॅक्सीवाल्यांच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलेली. ज्या गाळ्यात ते काम करायचे तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ते दर रविवारी सकाळी आमच्या सोसायटीत येतात. गुडघे गेलेत, गाडीखाली शिरता येत नाही, डाव्या डोळ्याने धूसर दिसतं. म्हणून गाडीखाली मी आणि बाजूला स्टुलावर मामा, अशी आमची मांडणी आहे. मी हात बाहेर काढून "तेरा" म्हणायचं आणि त्यांनी तेराचा पाना माझ्या तळहातावर ठेवायचा. कधी कधी मी काही म्हणायच्या आधीच ते सतराचा ठेवतात, कारण पुढे कुठला बोल्ट येणार हे त्यांना ठाऊक असतं आणि मला नसतं.

पेटीचा सगळा प्रश्न इथून सुरू झाला. पेटी माझ्या पैशाने येणार, माझ्या घरात राहणार, पण उघडून बसणार मामा.

त्यांची स्वतःची व्यवस्था विचाराल तर गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा. एक बाजू कापलेली, कडा आत दुमडून ठोकलेल्या, आडवा लाकडी दांडा. त्यात सगळे पाने एकावर एक पडलेले. जवळ अंथरलेलं गोणपाट. काम सुरू करताना ते डबा गोणपाटावर उपडा करतात आणि पुढे चार तास त्या ढिगातून नेमकं हवं तेच उचलतात. बघायला फार सुंदर वाटतं. पण हे चालतं ते त्यांच्या जमिनीवर बसण्यामुळे, आणि तेच आता बंद झालंय. स्टुलावरून खाली वाकून ढिगात चाचपडणं त्यांना जमत नाही, आणि जमत नाही हे ते कबूल करत नाहीत.

आता बाजारात काय मिळतं? सगळ्यात देखणी चाकांवरची ट्रॉली. सहा-सात खण, बॉल बेअरिंगवर लोण्यासारखे सरकणारे, प्रत्येक खणात खाचा पाडलेला फोम. परदेशी व्हिडिओ बघून प्रत्येकाला तीच हवी असते, मलाही हवी होती. अमेरिकेत मेकॅनिकची पेटी ही त्याची इस्टेटच असते. तिथे गॅरेजमधल्या कामगाराने आपली हत्यारं स्वतः विकत घ्यायची रीत आहे, स्नॅप-ऑनसारख्या कंपन्यांच्या गाड्या गॅरेजच्या दाराशी येतात, हप्त्यांवर हत्यारं देतात, आणि नोकरी बदलली की माणूस आपलं ते भलंथोरलं कपाट बरोबर घेऊन जातो. आपल्याकडे छोट्या गॅरेजात पाने बहुतेक वेळा मालकाचे. पोऱ्या येतो, शिकतो, जातो, पाने तिथेच राहतात. कामगाराच्या स्वतःच्या पेटीची सवय आपल्याकडे फारशी नाहीच.

फोमच्या खाचांची कल्पना मात्र मला मनापासून आवडते. विमानांच्या देखभालीत ती सक्तीसारखीच असते. प्रत्येक हत्याराची आपापल्या आकाराची जागा, काम संपलं की एकही खाच रिकामी दिसता कामा नये. कारण विसरलेला पाना इंजिनात सापडला तर विमान गेलं. फियाट उडत नाही हे खरं, पण एअर क्लीनरच्या टोपीखाली राहून गेलेला वायसर तिलाही पचत नाही.

पण ट्रॉली आमच्याकडे बाद झाली ती अगदी साध्या कारणाने. आम्हाला गॅरेज नाही. ठाण्यातल्या सोसायटीचं खांबांवरचं पार्किंग, पांढऱ्या रंगाने आखलेली एका गाडीची जागा. तिथे गाडीखेरीज काही ठेवायचं नाही असा नियम आहे, आणि तो मला मान्य आहे, कारण एकाने ट्रॉली ठेवली तर दुसरा फ्रीज ठेवेल. म्हणजे रोज संध्याकाळी सगळं उचलून लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर. शिवाय खणांची आणखी एक अडचण. एका वेळी एकच खण नीट बघता येतो, वरचा उघडा ठेवला की खालच्यातलं दिसत नाही. धूसर नजरेच्या माणसाला हे फार गैरसोयीचं.

प्लास्टिकची पेटी हलकी असते, गंजत नाही, आणि घरातल्या खिळे-हातोडीला उत्तम. पण पाने जड असतात. एका मित्राच्या प्लास्टिकच्या पेटीची कडी जिन्यातच निघाली आणि दोन मजले गोट्यांचा पाऊस पडला. (गोट्या म्हणजे सॉकेट. बाहेरच्यांनी गैरसमज करून घेऊ नये.) कॅनव्हासची गुंडाळी मात्र फार गुणी वस्तू आहे. प्रवासात गाडीत ठेवायला तिच्यासारखी दुसरी नाही, आणि ती मी वेगळी केलीच आहे. तिच्यात फक्त रिंग पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना.

राहिली ती आपली ओळखीची पत्र्याची पाच कप्प्यांची पेटी. दांडा धरून दोन्ही बाजूंना ओढली की वरचे चार कप्पे पायऱ्यांसारखे बाहेर पसरतात आणि खालचा मोठा कप्पा मधे उघडा पडतो. प्रत्येक प्लंबरकडे, प्रत्येक लिफ्टवाल्याकडे असते ती. दिसायला काही विशेष नाही. पण दुसऱ्या एका स्टुलावर ठेवून उघडली तर बसल्या माणसाच्या मांडीइतक्या उंचीवर सगळं एकदम दिसतं. मामांनी दुकानात ती दोन-तीनदा उघडली, मिटली, बिजागरीला अंगठा लावून पाहिला आणि म्हणाले, "ही घे. हिच्यात वाकायला नको." वाकण्याबद्दल ते एवढंच बोलले. त्याआधीही नाही, नंतरही नाही.

घेताना दोन गोष्टी बघितल्या, त्या कुणाला उपयोगी पडल्या तर पडोत. एक म्हणजे आपलं सगळ्यात लांब हत्यार आधी मोजावं. नेहमीची पेटी सतरा इंचांच्या आसपास असते आणि टॉर्क पाना तिच्यात बसत नाही. तसाही तो इतरांबरोबर आपटत ठेवायचा नसतो. काम झालं की त्याचं माप सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून त्याच्या स्वतःच्या डब्यात झोपवायचा. दुसरी गोष्ट वजन. आमची पेटी भरल्यावर घरच्या काट्यावर १९ किलो भरली. पत्रा जाड हवा, पण तो आपल्यालाच उचलायचाय हेही लक्षात असावं. मोठी पेटी घेतली की ती भरते, हा निसर्गनियम आहे. मग ती उचलायला दोघं लागतात.

घरी आणल्यावर मी पाने आकाराने लावले. सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा... आपल्याकडचे दुतोंडी पाने याच जोड्यांत येतात, त्यामुळे ती रांग आपोआप लागते. मामांनी पुढच्या रविवारी येऊन सगळी मोडली. त्यांची रचना कामाप्रमाणे. डावीकडे वरच्या कप्प्यात प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटर: प्लग पाना, फिलर गेज, छोटे स्क्रू ड्रायव्हर, आठ आणि दहा. त्याखाली टॅपेट आणि हेड. उजवीकडे वर ब्रेक, खाली सस्पेन्शन. तळात हातोडी, छिन्नी, टॉमी, पक्कड.

"पण मामा, तेरा तर सगळीकडे लागतो."

"मग तीन तेरा घे."

मी तीन तेरा घेतले. आठ मिलिमीटरच्या बोल्टच्या डोक्याला तेराचा पाना लागतो, आणि या गाडीत असे बोल्ट जागोजागी आहेत, त्यामुळे खर्च वाया जात नाही. नाशिकच्या तापडियाचे पाने मिळतात ते चांगले आहेत, तीन घेतल्याने दिवाळं निघालं नाही. आकाराने लावलेली पेटी दिसते छान, पण ती विकणाऱ्याची रचना आहे, हे मला त्या दिवशी पटलं. मामांना आकडे वाचावे लागत नाहीत. ब्रेकचं काम म्हटलं की उजवा हात वरच्या कप्प्यात जातो आणि तिथे जे आहे ते त्याच कामाचं असतं.

एक नियम मात्र दोघांचाही आहे. पेटीत इंची पाना येऊ द्यायचा नाही. फियाट इटलीची, तिचे नटबोल्ट मिलिमीटरचे. अॅम्बेसेडर आणि जुनी जीप यांना इंची लागतात, आणि चोरबाजारात दोन्ही एकाच ढिगात असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे तो पाना तेराच्या बोल्टवर बसतच नाही, तेवढा धोका नाही. खरी गंमत उलटी आहे. अर्ध्या इंचाच्या नटावर तेराचा पाना बसतो, बसल्यासारखा वाटतो, आणि जोर लावला की कोपरे गोल करून टाकतो. पाऊण इंच म्हणजे १९.०५, ते मात्र एकोणीसशी बिनबोभाट जुळतं. आणि विनोद असा की गोटीच्या मागचा चौकोन सगळ्या जगात इंचातच मोजतात, मिलिमीटरची गोटी असली तरी. अर्धा इंच, पाव इंच. हे कुणी ठरवलं कोण जाणे, आता बदलणं कठीण आहे.

आणखी एक. पेटी पान्यांची म्हणतो आपण, पण जुन्या गाडीच्या कामात जास्त जागा सुट्या भागांना लागते. मला तर वाटायला लागलंय की जुन्या गाड्या गंजण्यापेक्षा सुट्या होऊन जास्त मरतात. हौसेने खोलतात, पावसाळा येतो, डब्यांची सरमिसळ होते, कुठला बोल्ट कुठला ते कळत नाही आणि मग एक दिवस भंगारवाला येतो. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम केला, त्यातही गाडी मूळ स्वरूपात असावी ही अट आहे. म्हणजे जे निघालं तेच परत बसलं पाहिजे. आम्ही हेड उतरवलं तेव्हा आठ पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून एक ते आठ क्रमाने उभे केले, कारण घासून घासून प्रत्येकाची आपल्या जागेशी जोडी जमलेली असते. बाकीचे नट-वायसर मुखवासाच्या डब्यांत, आत चिठ्ठी पेन्सिलने लिहिलेली. शाई तेलाने पसरते. हे डबे पेटीत ठेवायचे नाहीत, त्यांचा वेगळा खोका, आणि तो पेटीच्याही आधी वर न्यायचा.

पावसाळ्याची सोय म्हणून प्रत्येक कप्प्यात जुन्या बनियनचा तेल लावलेला तुकडा आणि कापराच्या दोन वड्या. कापूर मामांचा. त्याने गंज किती थांबतो यावर आमचा वाद आहे, पण पेटी उघडली की देवघरासारखा वास येतो आणि त्याला माझी हरकत नाही.

तेलाचा डबा ते अजूनही घेऊन येतात. त्यातलं एकही हत्यार माझ्या पेटीत ठेवत नाहीत आणि माझं एकही त्यात जात नाही. संध्याकाळी निघताना ते पेटीचे कप्पे एकेक करून बोटांनी चाचपतात. मागच्या रविवारी उजव्या वरच्या कप्प्याशी थांबले. "दहा-अकरा कुठाय?" तो माझ्या खिशात होता. तो जागेवर ठेवल्यावरच पेटी मिटली.

येत्या रविवारी मागचे ब्रेक उघडायचेत. ग्रीस गन अजून कुठे ठेवायची ते ठरलेलं नाही. ती गळते, म्हणून मामा तिला पेटीत घेत नाहीत, आणि घरात तिला कुणीच घेत नाही.