काळ्या थराखालचं स्टील

रमजानमधली गोष्ट. तरावीहनंतर धाकट्याचा फोन आला. पुण्याजवळच्या एका कारखान्यात तो स्टेनलेस स्टीलच्या भागांवर कार्बनचं कोटिंग करतो. नोकरीला जेमतेम चार महिने झाले होते.

हे काम त्याने आम्हा दोघांना आधी समजावलं होतं. स्टीलचे भाग धुऊन पेटीत ठेवतात आणि पेटीतली हवा ओढून घेतात. मग आरगॉन वायू सोडून वीज देतात. ट्यूबलाइटमध्ये असतो तसा प्लाझ्मा पेटतो आणि आरगॉनचे कण स्टीलवर आदळून पृष्ठभाग साफ करतात. स्टेनलेस स्टीलवर ऑक्साइडचा एक अदृश्य पडदा असतो. त्याच्यामुळेच ते गंजत नाही, पण कोटिंगला धरू न देणाराही तोच. म्हणून तो आधी निघावा लागतो. त्यावर क्रोमियमचा पातळ थर, आणि शेवटी ॲसिटिलीन, वेल्डिंगवाले वापरतात तोच वायू. प्लाझ्मात तो फुटतो आणि कार्बन दोन-तीन मायक्रॉनच्या काळ्या थरात बसतो. आपला केस याच्या वीसपट तरी जाड. हा थर काहीसा हिऱ्यासारखा कठीण, काहीसा पेन्सिलीतल्या ग्राफाइटसारखा गुळगुळीत. म्हणून जिथे तेल-ग्रीस चालत नाही, अशा खाद्यपदार्थांच्या मशीनमध्ये तो उपयोगी पडतो.

त्या रात्री त्याचा आवाज पडलेला होता. "अब्बा, माल द्यायची घाई होती. मी आरगॉनच्या सफाईचा वेळ निम्मा केला. रंग, चमक सगळं तसंच आलं. हिऱ्याचं टोक दाबून एक दांडा तपासला, तो पास झाला. बाकीच्यांची खात्री नाही. सांगू का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नोकरी नवी, ईद तोंडावर. "तपासणीत पास झालंय ना? मग राहू दे, बेटा," असं आमच्याच तोंडून गेलं.

फोन ठेवला, पण झोप लागली नाही. मदीनेच्या बाजारात पैगंबरांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतला ओलावा बोटांना लागला, ही हकीकत आम्ही वर्गात कितीदा सांगितली असेल! आज तो ढीग आमचाच होता. थर सुटला तर त्याचे कण कुणाच्या तरी घासात जाणार होते.

सहेरीला उठून आम्हीच फोन लावला. "बेटा, रात्री आम्ही चुकलो. जाऊन सांग."

तो म्हणाला, "अम्मी, मी रात्रीच सांगून आलो."

साहेब खूप रागावले, पण माल थांबवला. नोकरी राहिली, अलहमदुलिल्लाह.

ईदला तो त्यातलाच एक बाद दांडा घेऊन आला. कुणी हात न लावता चार दिवसांत त्याच्या कडेचा पापुद्रा आपोआप सुटला होता. तो दांडा आम्ही टेबलावर ठेवला आहे. मुलांना दाखवायला नव्हे, आमच्यासाठी.