माळवद उतरवलं तेव्हा

माळवदाचं घर उन्हाळ्यात गार अन् थंडीत उबदार, हे आमच्या लातूर-नांदेडकडं कुणाला सांगावं लागत नाही. लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर कड्या, फळ्या अन् वर पांढऱ्या मातीचा थर. मृगाच्या आधी गळक्या जागी नवी माती टाकायची, चोपायची. जुनी मात्र कुणी काढत नसे. आजोबांच्या मातीवर वडिलांची, त्यावर आमची. असा दोन फूट थर साचलेला.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून दमलेली माणसं झोपेत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर अन् भोवतालच्या गावांत ज्या छपरांनी पिढ्यान्‌पिढ्या सावली दिली, तीच अंगावर आली. आमचं गाव जरा लांब. घर उभं राहिलं, पण मागच्या भिंतीला पोट आलं.

बायको लेकरं घेऊन अंगणात आली ती आलीच. "ह्या मातीखाली मी लेकरं निजवणार न्हाई," म्हणाली. माय म्हणे, "माझं लगीन ह्याच घरात झालं, मी कुठं जाऊ?" ती आत, आम्ही पत्र्याखाली. दोघींचंही खरं होतं.

पुढं पुनर्वसनाच्या कार्यक्रमात गावोगाव बाया संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. त्यांच्या बैठकीतनं बायको आली अन् थेट विचारलं, "अहो, आपल्या माळवदाचं वजन किती?" मी वहीत मांडलं. दहा बाय बाराची खोली, दोन फूट माती, म्हणजे २४० घनफूट. दहा टनांच्या वर! भरलेला ट्रक डोक्यावर घेऊन आम्ही झोपत होतो.

मग उतरवायला लागलो. मी वर खोरं घेऊन, ती खाली. दोराला टोपलं. तीन खोल्या, बावीस दिवस. मातीत थर स्पष्ट दिसायचे. फुटक्या बांगड्या निघाल्या, निजामाच्या काळातलं एक तांब्याचं नाणं निघालं, ते मायनं कनवटीला लावलं. शेजारी विचारायचे, "काय करूलालाव? घर मोडूलालाव का?" वीतभर थर ठेवला, त्याखाली जाड प्लॅस्टिक अंथरलं. बाकीची माती बैलगाडीनं वावरात टाकली. त्या पट्ट्यात ज्वारी चांगली आली, हे आपलं जाता जाता.

भिंतीचं काम जास्त किचकट. आमच्याकडची दगडी भिंत दिसते एक, असते दोन. आत एक दगडांची रांग, बाहेर एक, मधे चिखल अन् बारीक दगड. दोघींची गाठच नाही. हादरा बसला की एक इकडं, एक तिकडं. पोट आलेला भाग टेकू देऊन उतरवला अन् लांब जोडदगड घालून पुन्हा रचला. उरलेल्या भिंतींत तीन-तीन फुटांवर आरपार भोक पाडायचं, आकडे वळवलेली सळई घालायची अन् काँक्रीट भरायचं. भोक पाडताना घण चालत नाही. एकेक दगड हलवून सैल करायचा. मला धीर नव्हता. बायकोचा हात बारीक, कोपरापर्यंत आत जायचा. ज्वारी निवडावी तशी ती खडे काढायची. रोजानं लावलेला गवंडी आधी हसला, मग तिलाच विचारून भोकाची जागा ठरवू लागला. खांब अन् तुळईच्या कोनात तिरपे टेकू मात्र सुतारानं ठोकले.

भूकंपानंतर लोकांनी मातीचा धसकाच घेतला. मातीला दोष लागला. वजन अन् सुटी भिंत यांचं नाव कुणी घेईना. आमच्या गल्लीत पत्रे आले. वैशाखात दुपारी त्याखाली भाकरी न थापता भाजेल. शेजारच्या काकू वाकळ घेऊन आमच्या ओसरीला येतात.

अजूनही मृगाच्या आधी मी माळवदावर चढतो. बायको खाली टोपलं धरून उभी असते. वर दोन टोपली न्यायची, तर आधी दोन खाली आली पाहिजेत. ती मोजून घेते.