कोलंबियाची विधानसभा आणि पेपरवाल्यांचा चष्मा

आमच्या अभ्यासवर्गात अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्याचा विषय निघाला. गुलामगिरी संपल्यावर, 1868 पासून, तिथल्या विधानसभेच्या खालच्या सभागृहात काळ्यांचे बहुमत होते. कालपर्यंत ज्यांना बाजारात विकले जात होते, ते कायदे करत होते. हे आमच्यातल्या बहुतेकांना ठाऊकच नव्हते. ठाऊक होते ते 1915 च्या 'बर्थ ऑफ अ नेशन' सिनेमातले चित्र: टेबलावर अनवाणी पाय टाकून दारू ढोसणारे काळे आमदार.

हे चित्र आधी पेपरांनी रंगवले. 1873 साली न्यूयॉर्क ट्रिब्यूनसाठी जेम्स पाइक राजधानी कोलंबियात गेला. हा गुलामगिरीचा विरोधक, लिंकनने वकील म्हणून नेदरलँड्सला पाठवलेला. म्हणजे पुरोगामीच. (अशा मित्रांचा अनुभव असलेल्यांना नवल वाटणार नाही.) त्याने सभापतीपासून दारवानापर्यंत प्रत्येकाचा रंग मोजला आणि हे अडाण्यांचे राज्य आहे असा निकाल दिला.

मग लाचखोरी खोटी होती का? नाही. रेल्वेच्या रोख्यांत, छपाईच्या कामात पैसे खाल्ले गेले. गोऱ्यांनी खाल्ले, काळ्यांनीही खाल्ले. हे लिहू नये असे आमच्यातल्या काहींचे म्हणणे पडले, बराच वाद झाला. आम्ही लिहीत आहोत. पण त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये ट्वीडच्या टोळीने शहराची तिजोरी धुऊन नेली, तेव्हा गोरी जातच राज्याला नालायक असे कोणत्या पेपरने ठरवले?

खरे दुखणे वेगळे होते. 1868 च्या राज्यघटनेने सर्वांसाठी मोफत सरकारी शाळा आणल्या, कर्जापायी तुरुंगात टाकणे बंद केले. शाळांना पैसा लागतो, तो जमिनीवरच्या करातून आला. लगेच 1871 आणि 1874 मध्ये जमीनवाल्यांनी 'करदात्यांच्या' परिषदा भरवल्या. ज्यांची पोरे पहिल्यांदा शाळेत जात होती, त्यांची परिषद कोण छापणार?

पाइक कोलंबियात गेला त्याच 1873 साली पुण्यात जोतीरावांची 'गुलामगिरी' निघाली. ती त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली होती.

आमच्यातल्या एकीची आई राखीव जागेवरून सरपंच झाली, तेव्हा एका दैनिकाने तिच्या अंगठ्याची बातमी केली होती. तिने वस्तीत नळ आणला, त्याची एक ओळ नाही. ते कात्रण आम्ही वर्गात वाचले. मावशी मागे बसल्या होत्या. म्हणाल्या, "आता तुमी लिवताय तर नळाचं बी लिवा." पाणी आले ती तारीख त्यांना तोंडपाठ होती.