आमचा ताका, बालोतऱ्याची चकाकी

मालेगावात माझं बालपण यंत्रमागाच्या खडखडाटात गेलं. मामूंच्या कारखान्यासमोर ताक्यांनी भरलेला ट्रक उभा असायचा. "कुठे चाललाय?" विचारलं की मामू म्हणायचे, "बालोतरा." तीस वर्षं कापड विणूनही ते गाव त्यांनी पाहिलं नव्हतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना घेऊन गेले.

जोधपूरहून बाडमेरकडे जाणाऱ्या रेल्वेवर, लुणी नदीच्या काठी बालोतरा आहे. इथलं पॉपलीन प्रसिद्ध. ओळखीच्या व्यापाऱ्याने आम्हाला एका प्रोसेस हाउसमध्ये नेलं. दाराशीच मामूंनी एक कोरा ताका चाचपला. पिवळट, खरखरीत. "आपल्याकडचाच," ते म्हणाले.

विणताना ताण्याचा धागा तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला खळ देतात. ती निघाल्याशिवाय कापड रंग नीट धरत नाही. म्हणून आधी कापड ज्योतीवरून वेगाने नेतात. वरची लव जळते. मग खळ धुतात, कॉस्टिक सोड्यात उकळून मेण काढतात, हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं करतात. त्यानंतर रंग.

शेवटी फिनिशिंग. स्टेंटर यंत्रात दोन्ही काठ पकडून कापड गरम हवेतून जातं. पन्हा एकसारखा होतो. मऊपणासाठी सॉफ्टनर, कडकपणासाठी पुन्हा कांजी. कॅलेंडरचे जड रूळ चकाकी आणतात. काही सुती कापड सॅन्फोरायझिंग करून आधीच आटवतात, म्हणजे घरी धुतल्यावर फारसं आटत नाही. ही रीत १९३० च्या सुमारास अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी शोधली.

भगिनींनो, ईदचं कापड घेताना कोपरा बोटांत चोळून पाहा. पांढरी भुकटी पडली तर कडकपणा कांजीचा आहे, पहिल्याच धुण्यात जाईल. सुती कापड शिवण्याआधी भिजवाच.

घडी घालण्याच्या टेबलावर मामूंनी तयार कापडाचा काठ उलटून पाहिला. व्यापाऱ्याचा शिक्का होता. "हमारा नाम कहीं नहीं," ते हसत म्हणाले. मग बराच वेळ गप्प होते. कोऱ्या ताक्याला मीटरमागे काय मिळतं ते त्यांना ठाऊक होतं. या कापडाचा भावही त्यांनी नुकताच विचारला होता.

संध्याकाळी आम्ही लुणीवर गेलो. लुणीचं पाणी बालोतऱ्यापर्यंत गोडं आणि पुढे खारं, असं पूर्वापार सांगतात. आता तक्रार निव्वळ खारटपणाची नाही. धुतलेली खळ, सोडा, रंग कुठेतरी जाणारच. सामायिक सांडपाणी केंद्र आहे, तरी नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. चहावाल्या चाचांनी सांगितलं, "आमच्या विहिरीचं पाणी आता गुरंही पीत नाहीत."

परतीच्या गाडीत मामू म्हणाले, "बेटा, हे काम आपल्या गावात झालं तर पोरांना रोजगार मिळेल, कापडाला आपलं नाव लागेल." खरं होतं ते. तरी माझ्या डोळ्यांपुढे आमची मौसम नदी आली.

"मामू, आणि ते पाणी कुठे सोडायचं?"

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "पहिला खर्च त्याचाच धरावा लागेल."