एक तारीख अजून

हलका धान कापून झाला, बांध्यांत पुंजणे उभे राहिले, की नागभीडच्या चौकातल्या भिंती नाटकांच्या पोस्टरांनी झाकून जातात. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते आणि पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतला नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत. दिवसा दंडारीचे खेळ, कुठं बैलांचा शंकरपट. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि उजाडायला आलं तरी लोक उठत नाहीत. या पोस्टरांपुढे मी रेंगाळतो तो जुन्या नावांसाठी. नव्या नटनट्यांचे फोटो मोठे, झगमगीत. खालच्या ओळीत कुठंतरी आमच्या लहानपणचा नायक असतो. फोटो त्याच्या तरुणपणचाच, केस काळेभोर, मान किंचित तिरपी. तो दिसला की बरं वाटतं आणि पाठोपाठ काळजीही वाटते. अजून उभा राहतो हा? रात्रभर?

आमच्या भागातल्या अशा एका नटाला मी काकाजी म्हणतो. वय सत्तरीच्या घरात. घरी धानाची शेती, मुलं कमावती. मागच्या हंगामात एका गावी शाळेच्या वऱ्हांड्यात, ते रंगायला बसले असताना, मी त्यांच्याजवळ बसलो होतो. गुडघ्याला पट्टा बांधला, वर धोतर नेसलं, म्हणजे पट्टा दिसू नये. मिशी काढायची वेळ आली तेव्हा उजवा हात थरथरायला लागला. त्यांनी डाव्या हाताची मूठ हनुवटीखाली धरली, तिच्यावर उजवं मनगट टेकवलं, श्वास रोखला आणि एका रेषेत मिशी ओढली. मग दुसरी बाजू. इतक्या वर्षांत शोधलेला हा उपाय असणार, कारण त्यात घाई नव्हती. वडशाहून नाटक कंपनीची गाडी तेवढ्यात आली. ब्रह्मपुरीकडच्या जंगलातून येताना रस्त्यात वाघ आडवा गेल्याची हकिगत सांगत पोरंपोरी उतरली. त्यातल्या एका मुलीला काकाजींनी विचारलं, "तू माही पोरगी का सून वो?" ती म्हणाली, "सून, काकाजी." एवढीच तालीम. आमच्याकडे पुष्कळ नट एकमेकांना असे प्रयोगाच्या रात्रीच भेटतात. नाटक उभं राहतं ते प्रॉम्प्टरच्या आवाजावर.

पण रंगमंचावर तो हात थरथरला नाही. तिसऱ्या अंकात प्रॉम्प्टरचं एक वाक्य निसटलं तेव्हा काकाजींनी पदरचं घातलं, आणि तणसावर शाली पांघरून बसलेल्या बायांनी डोळ्याला पदर लावला. पहाटे चहा घेताना मी म्हटलं, "आता पुरे करा ना जी." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुरे त करीन. पन राती दहा वाजता अंगात जे येते, ते कुठी ठेवू?"

हा प्रश्न मी अनेक वर्षं दुसऱ्याच माणसांच्या बाबतीत वाचत आलो आहे. मुष्टियोद्ध्यांच्या. 2 ऑक्टोबर 1980 ला लास वेगासमध्ये मुहम्मद अली लॅरी होम्ससमोर उभा राहिला, तेव्हा तो 38 वर्षांचा होता. होम्स एकेकाळी त्याच्याच सरावातला जोडीदार. लढतीआधीच्या वैद्यकीय तपासणीत अलीच्या बोलण्यातला जडपणा टिपला गेला होता. तरी नेवाडाच्या क्रीडा मंडळानं परवाना दिला. दहाव्या फेरीनंतर त्याच्याच गोटातून लढत थांबवण्यात आली. एवढं होऊन तो थांबला नाही. डिसेंबर 1981 मध्ये बहामात ट्रेव्हर बर्बिककडून आणखी एकदा हरला, आणि 1984 मध्ये त्याला पार्किन्सन असल्याचं निदान झालं. त्याच्याही आधी जो लुईस. कराची थकबाकी मानगुटीवर बसलेली, म्हणून निवृत्तीतून परतला. 1951 च्या ऑक्टोबरात तरण्या रॉकी मार्सियानोनं आठव्या फेरीत त्याला दोरांपलीकडे पाडलं.

लुईसच्या गोष्टीत पैसा आहे, आणि पैशाला कमी लेखायला मी तयार नाही. आमच्या एकपिकी मुलखात धान घरात आल्यावर पुढचे महिने हातात पैसा देणारं फार काही नाही. नाइटच्या, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगाच्या, कमाईवर अनेक घरांची चूल चालते. म्हातारपणी तारीख मिळवण्यासाठी कंपनीच्या दारात ताटकळणारे नट मी पाहिले आहेत, आणि त्यांना कुणी हौशी म्हणू नये. पण काकाजींना तो पैसा लागत नाही. करोनाच्या वर्षी खेळ बंद पडले. तो हिवाळा त्यांनी अंगणात शेकोटीपाशी काढला, आणि घरचे सांगतात की त्यांना पहाटेपर्यंत झोप लागायची नाही. आयुष्यभर ज्या वेळी शरीर जागं राहिलं, त्या वेळी ते जागंच होत होतं. समोर माणसं मात्र नव्हती.

मला वाटतं, खरी गोम तिथं आहे. कारकून निवृत्त होतो तेव्हा शाल-श्रीफळ देऊन त्याला निरोप देतात, पेन्शन सुरू होते, आणि माणूस तोच राहतो. मुष्टियोद्धा किंवा नट ज्या जागी स्वतःला सगळ्यात पूर्ण सापडतो, ती जागा चार दोरांच्या आत किंवा त्या मातीच्या चौथऱ्यावर असते. बाहेर त्याच नावाचा एक साधा माणूस उरतो, आणि त्याची त्याला नीटशी ओळख नसते. बालगंधर्वांचं काय झालं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. कर्ज होतं, हे खरं. पण 1935 च्या ‘धर्मात्मा’नंतर सिनेमाचा रस्ता समोर असताना ते परत रंगभूमीवर आले, आणि साठी ओलांडल्यावरही शालू नेसून उभे राहिले. शरीर सुटलं होतं, चालणं जड झालं होतं. तरी लोक जात, डोळे मिटून ऐकत. त्याला कीव म्हणणाऱ्यांनी तो सूर ऐकला नसावा.

कुस्तीनं यावर एक तोड काढली आहे. पैलवानाचं अंग उतरलं की तो वस्ताद होतो. हौद्याच्या काठावर बसतो आणि पोरं त्याच्या पाया पडल्याशिवाय मातीत उतरत नाहीत. झाडीपट्टीतही तशी जागा आहे, प्रॉम्प्टरची. सगळं नाटक त्याच्या ओठांतून निघतं. मी काकाजींना ती सुचवली तेव्हा त्यांनी मान हलवली. "त्याचा आवाज सारे आयकतेत बाबू, तोंड कोनी पायत नाही."

म्हणून मला वाटतं, नटाला थांबवू नये. त्याला वयाची भूमिका द्यावी. मुष्टियुद्धातही एकानं हे साधलं. जॉर्ज फोरमन 1974 मध्ये किन्शासात अलीकडून हरला, पुढं रिंगण सोडून धर्मोपदेशक झाला, आणि दहा वर्षांनी परतला. मुलांसाठीच्या आपल्या केंद्राला पैसा हवा होता. 5 नोव्हेंबर 1994 ला, वयाच्या 45 व्या वर्षी, तो मायकेल मूररसमोर उतरला. अंगावर किन्शासातलीच लाल चड्डी होती. तरुणासारखं नाचायचा प्रयत्न त्यानं केला नाही. गुणांवर मागे पडत गेला, मार खात राहिला, आणि दहाव्या फेरीत एका उजव्या ठोशात अजिंक्यपद परत घेतलं. आमच्याकडे कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे आहेत. पाच हजारांवर प्रयोग, आठशे भूमिका, 2023 चा पद्मश्री. त्यांचं बलस्थान विनोदी भूमिका, आणि विनोदी नटाच्या सुरकुत्या त्याच्याच बाजूनं काम करतात.

मात्र मुष्टियोद्ध्याच्या बाबतीत माझं मन इतकं मऊ नाही. फोरमनचा विजय दाखवून कुणी चाळिशीतल्या माणसाला रिंगणात ढकलू नये. डोक्यावर बसणारे ठोके जमा होत जातात. 1928 मध्येच हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरनं मार खाऊन भ्रमिष्ट झालेल्या मुष्टियोद्ध्यांबद्दल लिहून ठेवलं होतं. तिथं परवाना देणाऱ्यांनी नाही म्हणायला हवं, कारण लढणारा ते कधीच म्हणणार नाही. नाटकाच्या रात्री फार तर गुडघा सुजतो. आणि दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: म्हाताऱ्याला बोलावणारा कुणीतरी असतो. जुन्या नावावर तिकिटं विकली जातात. बोलावणाऱ्यांत आपणही आहोत, मी आहे. मग त्याची जबाबदारीही आपल्यावर येते.

तेव्हा गावोगावच्या नाट्य मंडळांना माझी विनंती आहे. नाटक ठरवताना कंपनीला सांगा की आम्हाला एक भूमिका म्हाताऱ्या नटासाठी हवी, आणि ती नुसती खुर्चीवर बसून खोकण्याची नको. नाइटचे पैसे पहाटे गाडी सुटण्याआधी पूर्ण द्या. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना आहे. तिच्यात निवड झालेल्या कलावंताला महिन्याला 5,000 रुपये मिळतात. अर्जाला कलेचे पुरावे जोडावे लागतात, आणि रात्रभर दुसऱ्यांच्या गावी खेळणाऱ्या माणसानं ते कधी जपलेले नसतात. ते तुमच्याकडे आहेत. तुमच्या गावी खेळून गेलेल्या प्रत्येक जुन्या नटाला मंडळाच्या लेटरपॅडवर वर्ष आणि नाटकाचं नाव घालून दाखला द्या. त्यानं मागायला येईपर्यंत थांबू नका.