न झालेला भूगोलाचा पेपर

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात जून महिन्यात पाय ठेवायला जागा नसते. मी गेले होते जुनी इंग्रजी पुस्तकं चाळायला, पण पुढ्यात एक बाई दुकानदाराशी बोलत होत्या आणि त्यांच्या बोलण्यापाशीच मी अडकले. मुलगा दहावीत, मराठीचं गाईड हवं होतं. बाईंनी पानं उलटली आणि विचारलं, "यात स्वमत दिलंय ना पण?" दुकानदार म्हणाला, "सगळ्या पाठांचं आहे, ताई." बाईंचं समाधान झालं. मुलगा मागं मोबाइलमध्ये मान घालून उभा होता. त्याची वर्षभराची मतं आईच्या पिशवीत पडली, वर दहा टक्के सूटही मिळाली.

दहावी जुन्या पद्धतीनं पास झालेल्यांना यातली गंमत कळायची नाही. मराठीला आता प्रश्नपत्रिका नसते, कृतिपत्रिका असते. उतारा छापूनच देतात. खाली चौकटी असतात, त्या भरायच्या. मग आकृती पूर्ण करायची आणि शेवटी तीन गुणांसाठी आपलं मत लिहायचं. एकूण 80 गुण. गद्याला 18, पद्याला 16, भाषाभ्यासाला 16, उपयोजित लेखनाला 24 आणि स्थूलवाचनाला 6. उतारा न वाचताही चौकटी भरता येतात, हे आमच्या वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. प्रश्नातला एक शब्द धरायचा, तो उताऱ्यात शोधायचा, त्याच्या शेजारचा उचलून चौकटीत ठेवायचा. नजर खाली, नजर वर. मी यात पटाईत होते. शिवाय आत्मकथनं लिहायचे. फळा बोलतो, नदी बोलते, फाटकं पुस्तक बोलतं, आणि सगळेच शेवटी 'माझी काळजी घ्या' असं म्हणून गप्प बसतात. एकाही फळ्यानं कधी 'मला कंटाळा आलाय' असं म्हटलेलं मी वाचलेलं नाही.

एवढी तयारी करून तो पेपर मी दिलाच नाही. मी 2021च्या दहावीची. आमची नववीची वार्षिक परीक्षा कोरोनामुळं झाली नव्हती आणि पुढच्या एप्रिलमध्ये दहावीची बोर्डाचीही रद्द झाली. मग प्रत्येक विषयाच्या शंभर गुणांचा हिशेब असा लावला: 50 नववीच्या निकालाचे, 30 दहावीत शाळेनं वर्षभर घेतलेल्या लेखी मूल्यमापनाचे, 20 तोंडी, गृहपाठ, प्रकल्प असल्या गोष्टींचे. 16 जुलैला निकाल लागला, राज्याचा 99.95 टक्के. त्या दिवशी संकेतस्थळच बसलं, तेव्हा आपण पास झालो हे बघायलाही रांगेत राहावं लागलं. अकरावीसाठी 21 ऑगस्टला सीईटी ठरली होती, तीही उच्च न्यायालयानं 10 ऑगस्टला रद्द केली. लोक आम्हाला 'कोरोना बॅच' म्हणतात. म्हणोत.

माझा चुलतभाऊ आमच्या आदल्या वर्षीचा. त्याचे सगळे पेपर झाले, फक्त 23 मार्च 2020चा भूगोल राहिला तो कायमचाच. म्हणजे सलग दोन वर्षं आमच्या घरात भूगोलाचा पेपर कुणी दिला नाही. आणि त्या घरात भूगोलाइतकं दुसरं कुठलंच पुस्तक वाचलं गेलं नाही.

आमचं गाव बार्शी तालुक्यात. मोबाइल घरात एकच, आणि रेंज फक्त माळवदावर. सकाळी मी माळवदावर ऑनलाइन तासाला बसायची आणि आज्जी सूप घेऊन डाळ पाखडायला. सरांचं चित्र अडकलं की अडकलंच. तोंड उघडं, हात हवेत. मग मी पुस्तक काढून मोठ्यानं वाचायची, तेवढाच अभ्यास. आज्जी शाळेत गेलेली नाही. ती ऐकतेय हे मला सुरुवातीला कळलंही नव्हतं, कारण सुपाचा ताल चुकत नसे.

मराठीच्या कुमारभारतीत महेंद्र कदम यांचा 'आजी : कुटुंबाचं आगळ' हा पाठ आहे. त्यातली घराची ढाळज, दारालगतची बसायची जागा, म्हणजे जणू गावाचं वर्तमानपत्र. ते वाक्य आलं आणि सूप थांबलं. "पेपर म्हन की. आसंल. पर त्यो गड्यांनीच वाचायचा. सासरा बसल्याला आसला तर आमी परड्यातनं फिरून जायाचो." गृहपाठात ढाळजेविषयी स्वमत विचारलं होतं. मी आज्जीचं लिहिलं, माझ्याकडं दुसरं नव्हतंच. वहीच्या फोटोखाली शेरा आला, 'विषयाला धरून लिहावे.'

त्या वर्षी अभ्यासक्रमही 25 टक्के कमी केला होता. वगळलेल्या भागाची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली आणि आम्ही पुस्तकांत पेन्सिलीनं फुल्या मारल्या. फुली मारलेलं पान वाचायला किती सुटसुटीत वाटतं! पुढं कुणी चौकट घेऊन उभं नाही. मी आधी फुल्याच वाचून काढल्या. त्यात काही फार मोठं सापडलं असं नाही. दोन-तीन पाठ खरोखर वगळण्यासारखेच होते.

भूगोलाचं मात्र सगळंच वाचलं. दहावीचं भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोनच देशांवर आहे. हवामान, वनस्पती, लोकसंख्या, वस्ती, व्यवसाय, सगळीकडं एका बाजूला आपण आणि दुसऱ्या बाजूला ते. हे कुणाच्या डोक्यातून निघालं ठाऊक नाही, पण त्या डोक्याला माझा नमस्कार. पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा. मुलं नळदुर्गहून अलिबागला सहलीला निघतात. आम्हाला वेशीबाहेर जायची बंदी आणि पुस्तकातली मुलं बसमधून माती, झाडं, घरांची छपरं बदलताना बघत समुद्रापर्यंत चाललेली. आज्जीला त्यांचं एकच खटकलं, "सोलापुरावरनं गेली आन् सिद्धेश्वराला न्हाई थांबली?"

मग ब्राझील. त्या देशाच्या पूर्व किनाऱ्याला लागून एक उंच कडा आहे, पुस्तकात त्याला अजस्र कडा म्हटलंय. समुद्रावरून येणारे वारे त्याला अडतात, पाऊस तिकडंच पडतो आणि कड्याच्या मागचा ईशान्येकडचा प्रदेश कोरडा राहतो. त्या कोरड्या प्रदेशाचं नाव अवर्षण चतुष्कोन. आम्ही सह्याद्रीच्या मागं, ते त्यांच्या कड्याच्या मागं. मी हे आज्जीला नकाशावर दाखवलं, बोटानं चौकोन काढून. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मंग काय खात्यात ती मान्सं? मिलो देत्यात का सरकार?"

मिलो म्हणजे 1972च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. हे मला त्या दिवशी कळलं. भाकरी थापताना तडकायची, खाल्ली तर पोटात दगड बसायचा, आणि तरी सोसायटीत पहाटेपासून रांग लागायची. पोरांना सुकडी मिळायची, ती पोरांपेक्षा थोरांनाच जास्त आवडायची, हे आज्जी अजून दबक्या आवाजात सांगते. आज्जी तेव्हा विशीतली. लग्नाला चार-पाच वर्षं झालेली आणि माझे वडील अंगावर पिणारे. गावापासून पाऊण कोसावर पाझर तलावाचं काम निघालं होतं, ती तिथं खडी फोडायला जायची. बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी, झोळीत माझे वडील, आणि खाली सबंध माळावर बायाच बाया हातोडी घेऊन बसलेल्या. सासऱ्यासमोरून जायची सोय नसलेल्या घरातली सून चारशे माणसांत उघड्या माळावर बसते, याचं मला आश्चर्य वाटलं. तिला नाही वाटलं. "पाऊस न्हाई म्हनल्यावर ढाळज कुटली न् परडं कुटलं," म्हणाली. उलट त्या दिवसांबद्दल ती बोलते तेव्हा तिच्या आवाजात थोडी ऐटही असते. ओटीत स्वतःच्या कमाईचे पैसे तिच्या आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा आले.

रोजगार हमीचा कायदा पुढं 1977ला झाला आणि 26 जानेवारी 1979पासून लागू झाला. तासगाव भागातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. हे मी नंतर वाचलं. आज्जीला पागे माहीत नाहीत, तिला मुकादम माहीत आहे. मुकादम दगडावर बसायचा, मांडीवर मस्टर. बाया समोर रांगेनं उभ्या. नाव पुकारलं की 'हाय' म्हणायचं आणि तो खूण करायचा. एका पगाराच्या दिवशी आज्जीचे दोन दिवस कमी भरले. ती आलेली होती, खडीचा ढीग होता, पण मस्टरवर खूण नव्हती. मुकादम म्हणाला, "वाचायला येतंय का? मंग गप." त्यानंतर ती रोज समोर उभी राहून त्या वहीकडं बघत राहिली. शेजारणींची नावं पुकारताना त्याचं बोट कुठं असतं, आपलं पुकारताना कुठं असतं, आपल्या ओळीत किती उभ्या रेघा, कुठं वाटोळं, शेवटी काना आहे का. बोटाखालची ओळ तिनं आधी ओळखली, मग बोट नसतानाही ओळखली, आणि मग एक दिवस मुकादमाला सांगितलं, "माज्या नावाम्होरं खूण कर, मी बघतीया." त्यानं केली. पुढं तिचे दिवस बुडाले नाहीत.

पण मुकादम समोर बसायचा आणि वही त्याच्याकडं तोंड करून असायची. त्यामुळं आज्जीला स्वतःचं नाव उलटंच ओळखता येतं. मी रेशनकार्ड तिच्यापुढं धरलं, तर तिनं ते हातात घेऊन फिरवलं, वरचा भाग खाली केला आणि बरोबर आपल्या नावावर बोट ठेवलं. सुलट दाखवलं की तिला संशय येतो. बँकेत अंगठाच देते. उलटं वाचता येणाऱ्यासाठी फॉर्मवर रकाना नसतो.

शाळेत वाचनावर पुष्कळ ऐकलं. वाचन प्रेरणा दिनाला 15 ऑक्टोबरला भाषणं व्हायची, पुस्तकं मित्र असतात, गुरू असतात, दिवा असतात. हजेरी भरून घेण्यासाठी वाचायचं असतं, हे एकाही वक्त्यानं सांगितलं नाही. मला आजही तेच सगळ्यात पटतं. लिहिणारा आपल्याला धरून लिहितो की वगळून, हे बघायला वाचावं. बाकी संस्कार वगैरे होत असतील तर होवोत.

भूगोलातल्या अवर्षण चतुष्कोनाच्या त्या दोन-तीन ओळींनी मला पुढं कुठल्या कुठं नेलं. पुण्यात आल्यावर ग्रंथालयात ब्राझीलचं काही आहे का, असं विचारलं तर एक बारकं पुस्तक हातात आलं. ग्रासिलियानो रामोस यांची 'विदास सेकास', 1938ची कादंबरी, इंग्रजी भाषांतरात. त्याच अवर्षण चतुष्कोनातून चालत निघालेलं कुटुंब. नवरा, बायको, दोन मुलं आणि कुत्री. बरोबरचा पोपट वाटेत खाऊन झालेला. कुत्रीचं नाव बालेया, म्हणजे देवमासा; जिथं प्यायला पाणी नाही तिथं. त्या कुत्रीच्या मरणाचं प्रकरण मी ग्रंथालयात वाचू शकले नाही, खोलीवर आणून वाचलं.

मग 'बनगरवाडी' पुन्हा काढली. माडगूळकरांची ही कादंबरी 1955ची, आणि तिच्यातही पाऊस जातो नि वाडी उठते. दोघांत मला माडगूळकर जवळचे वाटतात, ते आपल्या भागातले म्हणून नव्हे, त्यांची माणसं दुष्काळातही चेष्टा करतात म्हणून. रामोस एक हसू सांडत नाही. ज्या शाळांत 'बनगरवाडी' स्थूलवाचनाला नसेल तिथल्या मराठीच्या शिक्षकांनी ती आपल्या जबाबदारीवर वाचून दाखवावी. मास्तराची गोष्ट आहे, त्यांना आवडेल.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आज्जीला रामोसची गोष्ट सांगितली. पोपटाला ती हळहळली नाही, "खाल्ला आसंल, काय करतील." कुत्रीशी ती थांबली. मग विचारलं, "पोरांची नावं काय?" मुलांना कादंबरीत नावंच नाहीत, थोरला आणि धाकटा एवढंच, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आज्जी म्हणाली, "बराबर हाय. मस्टरवर बी पोरांची नावं नसायची." या कादंबरीवर यापेक्षा नेमकं काही मी वर्गात ऐकलेलं नाही, आणि मी साहित्य हाच विषय घेतलाय.

दहावीची पुस्तकं जूनमध्ये किलोवर रद्दीत जातात. बाकीची खुशाल घाला, भूगोलाचं तेवढं मागं ठेवा. पातळच आहे, कपाटात जागा खात नाही. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांना पावसाची पानं मोठ्यानं वाचून दाखवा आणि ते मध्येच बोलले तर थांबा. पुस्तक आधीच गेलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते.